तालमीच्या गावात चार दिवस

दिवस पहिला : कसारा घाट आणि ढोलाचे मैदान

कोचीत मी नऊ वर्षे राहते आहे आणि या नऊ वर्षांत माझ्या गावाचे नाव मी सर्वांत जास्त वेळा पाहिले, ते ढोलावर रंगवलेले. केरळात लग्नाची वरात असो, देवळातला उत्सव असो की निवडणुकीतला विजयाचा जल्लोष, ‘नासिक डोल’ या नावाने ओळखली जाणारी पथके एकसारखे अंगरखे घालून रस्त्यावर उतरतात आणि बघ्यांच्या छातीत धडधड सुरू करतात. त्यांतल्या ज्या ज्या मुलांशी मी बोलले, त्यांच्यापैकी एकानेही नाशिक पाहिलेले नव्हते. एकाने तर मला विचारले, की नासिक हे ढोल बनवणाऱ्या कारखान्याचे नाव आहे का. मी हसले खरी, पण मग त्याच रात्री गणेशोत्सवाचे शेवटचे चार दिवस घरी काढायचे ठरवून तिकीट काढले. निघण्यापूर्वी त्या मुलांचे वादन फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यायला विसरले नाही.

एर्णाकुळमहून सुटणारी मंगला एक्स्प्रेस कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकाप्रमाणे आपल्या मनाने चालते, म्हणून उशिराची तक्रार मी करत नाही. कल्याण सोडले की डब्यातली मराठी वाढू लागते. कसाऱ्याला गाडी थांबली, घाट चढवण्यासाठी मागून जादा इंजिने लागली, तो धक्का डब्यातून सरकत आला आणि शेजारच्या आजींनी डोळे न उघडताच ‘लागला बँकर’ असे जाहीर केले. इगतपुरीला धुके होते. नाशिक रोडला उतरले तेव्हा दुपार कलली होती. स्थानकापासून मूळ गाव आठ-नऊ किलोमीटरांवर असल्याने नाशिककर माणूस गाडीतून उतरला तरी अजून पोहोचलेला नसतो.

संध्याकाळी भाची मला गंगापूर रोडलगतच्या एका मोकळ्या मैदानावर तिच्या पथकाच्या सरावाला घेऊन गेली. पथकांचे सराव गणपतीच्या महिना-दीड महिना आधीपासून सुरू असतात, त्यामुळे आता मुले तयार झालेली होती आणि राहिली होती ती फक्त डागडुजी. भाची चिखलात मांडी घालून बसली, ढोल मांड्यांत धरला आणि त्याच्या दोऱ्या एकेक करून ओढू लागली. एक दोरी ओढायची, पानावर बोटाने टिचकी मारून ऐकायचे, मग समोरची ओढायची, म्हणजे ताण एकाच बाजूला जात नाही. पूर्वी पान कातड्याचे असे आणि पावसाळी हवेत ते सैल पडून ढोल ‘बसत’ असे. मग शेकोटी करून ते शेकून घ्यावे लागे. आता फायबरची पाने आली, शेकोटी गेली. आवाज अधिक कडक झाला, परंतु कातड्याच्या ढोलातली ती खोल घुमारी मात्र राहिली नाही, असे माझे मत आहे आणि भाचीला ते मुळीच मान्य नाही. तिच्या उजव्या हातात टिपरू होते, डाव्या तळव्याला चिकटपट्टीचे तीन थर होते आणि त्याखाली काय आहे हे मी तिच्या आईला सांगू नये अशी अट तिने मला घातली होती.

ढोल कितीही असोत, पथक चालते ताशावर. ठेका केव्हा उचलायचा, केव्हा दुप्पट करायचा, केव्हा एकदम तोडायचा, हे सारे ताशेवाला सांगतो आणि दोन ठेक्यांच्या मधली जागा तो ताशाच्या सलग, दाट कडकडाटाने भरतो. त्या कडकडाटाला ‘तर्री’ म्हणतात. विश्रांतीच्या वेळी मी त्या ताशेवाल्याला कोचीचे ध्वनिमुद्रण ऐकवले. तो फोन कानाला लावून, डोळे मिटून, शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग फोन परत देत गंभीरपणे म्हणाला, “ताकद आहे पोरांची. पण ताई, नुसताच रस्सा आहे. तर्री नाही.”

दिवस दुसरा : मैदान, मामांची वही आणि मिसळ

सकाळी सहाला मामा दारात उभे. माझे मामा निवृत्त शिक्षक आहेत आणि गेली कितीतरी वर्षे स्थानिक क्रिकेट सामन्यांचे गुणलेखन हौसेने करत आले आहेत. नाशिकमधील खेळांवर प्रेम करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, पण प्रत्येक चेंडूचा हिशेब पेन्सिलीने लिहून ठेवणारा प्रेमिक घरातच असावा, हे आमचे भाग्य.

“चल गं, मैदानावर एक चक्कर मारू. मिसळ नंतर, आधी मिळवली पाहिजे,” ते म्हणाले.

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला जुनी माणसे अजून गोल्फ क्लब मैदानच म्हणतात. अनंत कान्हेरे यांनी 21 डिसेंबर 1909 रोजी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या विजयानंद नाट्यगृहात, संगीत नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी. पुढे 1910 च्या एप्रिलमध्ये त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. नाट्यगृहात घडलेल्या घटनेतील हुतात्म्याचे नाव खेळाच्या मैदानाला मिळाले, हे मला नाशिकच्या स्वभावाला धरूनच वाटते, कारण इथे रंगभूमी, आखाडा आणि मैदान यांना वेगळे करणे पहिल्यापासूनच अवघड गेले आहे. तालीम हा शब्दच पाहा. नाटकाचीही तालीम असते आणि पहिलवानाचीही.

पाऊस नुकताच थांबला होता. खेळपट्टीवर आच्छादन होते, त्यावर साचलेल्या पाण्यात बगळे हिंडत होते आणि कडेच्या मार्गावर मात्र चालणाऱ्यांची गर्दी पंचवटी एक्स्प्रेससारखी होती. मामांनी कुंपणापाशी थांबून मला 2025 च्या जानेवारीतला रणजी सामना उभा करून दाखवला. वही काखोटीलाच होती. महाराष्ट्र 297, बडोदा 145, महाराष्ट्राचा दुसरा डाव 464 वर घोषित, बडोदा 177. विजय 439 धावांनी. हे आकडे त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावले आणि बेरीज-वजाबाकी बरोबर येते की नाही, हेही तपासायला लावले. त्यांच्या वहीत प्रत्येक गोलंदाजाला वेगळ्या रंगाची पेन्सिल असते आणि निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून इंग्रजी एम अक्षर काढलेले असते. त्या वहीतली पाने मी लहानपणी रांगोळीचे नमुने समजत असे.

“आपली पोरं महाराष्ट्राकडून खेळतात तेव्हा मी बोट दाखवून सांगत नाही, हा बच्छाव आमचा, हा घोष आमचा,” मामा म्हणाले, आणि लगेच मैदानाच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवून सांगितले, की पोरे जाळ्यात सराव करायची ती तिथे. डावखुरा फिरकीपटू सत्यजित बच्छाव नाशिकचा आहे, आयपीएलमध्ये चेन्नईने संघात घेतलेला रामकृष्ण घोष नाशिकचा आहे, आणि 2022 च्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये जिच्या गोलंदाजीच्या विलक्षण शैलीने बघणाऱ्यांना दक्षिण आफ्रिकेच्या पॉल ॲडम्सची आठवण झाली, ती माया सोनवणे सिन्नरची आहे. मामांनी तिची शैली मला करून दाखवली. मान खाली, दृष्टी जमिनीकडे, हात डोक्यावरून. सकाळच्या फिरणाऱ्यांपैकी दोघे थबकले आणि काही दुखते आहे का, असे त्यांनी काळजीने विचारले.

आमच्या शहराच्या नावाचा संघही आहे आणि त्याच्यावर प्रेम करणे ही एक कसरत आहे. महाराष्ट्र प्रीमियर लीग 2023 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ईगल नाशिक टायटन्स तिच्यात खेळतो. तो 2024 मध्ये अंतिम सामन्यात रत्नागिरीकडून हरला, 2025 च्या जूनमध्ये रायगडला हरवून विजेता झाला, पण सामने सगळे पुण्याजवळ गहुंज्याला. मामा दोन्ही वर्षी गेले, एसटीने. हरलेल्या रात्रीचा परतीचा प्रवास त्यांना सिन्नरच्या चहासकट आठवतो. जिंकलेल्या रात्रीबद्दल मात्र ते एवढेच सांगतात, की झोप लागली. आपल्या संघाला आपल्या गावात खेळताना पाहणे हे नाशिककराच्या नशिबी फारसे नाही. त्याने बघायचा तो सराव, आणि सामना ऐकायचा तो बाहेरगावाहून.

बुद्धिबळाचीही तीच गत. विदित गुजराथी लहानाचा मोठा झाला नाशकात. 2023 मध्ये तो ग्रँड स्विस स्पर्धा जिंकला ती आइल ऑफ मॅनमध्ये, आणि पुढच्या एप्रिलमध्ये आव्हानवीरांच्या (कँडिडेट्स) स्पर्धेत त्याने हिकारू नाकामुराला दोन्ही डावांत हरवले ते टोरांटोत. तिथे दुपारी अडीचला पट मांडला जाई, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे बारा. मामांनी त्या काळात दुपारी झोपण्याची आणि रात्री खिचडी खाण्याची पद्धत ठेवली होती. मामींनी ती स्पर्धा संपल्यावर सत्यनारायण घातला. विदितच्या दोन विजयांसाठी, असे मामा सांगतात. घर पुन्हा वेळेवर झोपू लागले म्हणून, असे मामी सांगतात.

मग मिसळ. नाशकात मिसळ कुठे खायची, हा प्रश्न पाहुण्याने विचारावा, घरच्याने विचारू नये, कारण एकाच घरात चार पक्ष निघतात. पंचवटीतली अंबिका, जुन्या गावातली भगवंतराव, सातपूरची श्यामसुंदर, गंगापूर रोडकडची चुलीवरची साधना, अशी नावे घेतली जातात आणि प्रत्येक नावामागे कोणाच्या तरी महाविद्यालयीन आठवणी दडलेल्या असतात. अलीकडे गावाबाहेर हिरवळ, झोपाळे आणि उंट असलेली मिसळीची ठिकाणे झाली आहेत. तिथे रविवारी तास-दीड तास वाट पाहावी लागते. मला त्यांचा राग नाही, पण उंटाचा आणि मटकीचा संबंध मला अजून कोणी समजावून सांगितलेला नाही.

आम्ही गेलो ते ठिकाण लहान आहे आणि त्याला नावाची पाटी असली तरी मामांच्या पिढीतले लोक ते मालकाच्या आडनावाने ओळखतात. स्टीलच्या ताटात मध्यभागी वाटीभर मोडाची मटकी, वर शेव, बाजूला चिरलेला कांदा, लिंबाची फोड, वाटीत दही, भाजलेला पापड, दोन पाव, आणि वेगळ्या भांड्यात रस्सा. मामांची रीत ठरलेली आहे आणि ती मोडलेली त्यांना चालत नाही. आधी रस्सा मटकीवर अर्धाच घालायचा, म्हणजे शेवेचा वरचा थर कोरडा राहतो. पहिले दोन घास कांद्याशिवाय खायचे, म्हणजे मसाला कळतो. मग लिंबू. दही शेवटी, आणि तेही मिसळीत कालवायचे नाही, वेगळे खायचे. नाशकात काळ्या मसाल्याचा रस्सा आणि लाल रस्सा असे दोन संप्रदाय आहेत. काळ्यात भाजलेले खोबरे, भाजलेला कांदा आणि खडा मसाला यांची धुरकट चव येते, ती उशिरा लागते आणि बराच वेळ राहते. लाल रस्सा पहिल्या घासालाच कान तापवतो. मी काळ्या पक्षातली. रस्स्यावर तरंगणाऱ्या तेलाच्या पातळ तवंगाला चमच्याने बाजूला सारत असताना मला कालचा ताशेवाला आठवला. तर्री रस्स्याच्या वर असते, ती वेगळी शिजवता येत नाही. खालचा मसाला नीट परतलेला असेल, तेल सुटेपर्यंत कोणी चुलीपुढे उभे राहिले असेल, तरच ती आपोआप वर येते. ताशाच्या तर्रीला तेच नाव कुणी दिले ते ठाऊक नाही, पण देणाऱ्याला दोन्हीची चव होती.

दुपारनंतर काही विशेष घडले नाही. मेन रोडवर सायंताराचा साबुदाणा वडा खाल्ला, आणि झोपले.

दिवस तिसरा : पंचवटी, आखाडा आणि माझे मनगट

पहाटे घाटावर गेले. गोदावरीला पाणी होते. नाशिककर पूर फुटांत मोजत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर मोजतो: पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. त्या दिवशी ते पायांशी होते, म्हणजे काळजी नव्हती आणि गप्पांना विषयही नव्हता.

पंचवटीत आले की मला पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांची आठवण येतेच. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, पुढे मुंबईत शाखा काढली, इमारत उभारली आणि कर्जापायी ती गमावली. त्यानंतर ते नाशिकला आले आणि रामनाम आधार आश्रमात शिष्यांना घेऊन राहिले. ज्या माणसाने देशभर तिकीट लावून गाण्याचे जलसे केले, गाणाऱ्याला समाजात मान मिळवून दिला, तो आयुष्याच्या उत्तरार्धात इथे गोदेकाठी रामनामात आणि शिकवण्यात रमला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांचा जन्म 28 मे 1921 रोजी नाशिकचाच. वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. त्यांना पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे तालीम मिळाली, देशभर नाव झाले आणि 1955 मध्ये ऐन चौतिशीत ते गेले. त्यांच्या भजनातला तो स्वच्छ, कसलाही अट्टहास नसलेला आवाज मी कोचीत पहाटे लावते आणि खालच्या मजल्यावरचे मल्याळी आजोबा खिडकी उघडतात. आमची ओळख तेवढीच आहे. गाण्याच्या बाबतीत नाशिकची पहाट खरी आहे ती पाडव्याची, नेहरू चौकातल्या पिंपळपारावरची. लोक शाल पांघरून अंधारात येऊन बसतात आणि तिथे राग उजाडत जातो. तिच्यासाठी दिवाळीत यायला हवे, आणि दिवाळीत कोचीहून तिकीट मिळत नाही.

संध्याकाळी मामांनी मला एका व्यायामशाळेत नेले. नाशिकच्या मिरवणुकीत गुलालवाडी व्यायामशाळेच्या लेझीम पथकाला जो मान आहे, तो ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. एरवी जोर-बैठका काढणारी, मल्लखांबावर उलटी लटकणारी माणसे हातात लेझीम घेऊन इतकी हलकी कशी होतात, हे कोडे मला लहानपणी सुटले नव्हते. मल्लखांबाचे मूळही आमच्याच बाजूचे सांगतात. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी बाळंभटदादा देवधरांना निजामाकडच्या पहिलवानांशी लढायचे होते, तेव्हा त्यांनी वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली आणि मारुतीने स्वप्नात येऊन लाकडी खांबावरचे डाव शिकवले, अशी आख्यायिका आहे. आम्ही गेलो त्या व्यायामशाळेत दहा-बारा वर्षांची मुलगी खांबावर चढत होती. खांबाला एरंडेल लावलेले होते. ती दोनदा घसरली, तिसऱ्यांदा तिने पायाची आढी घातली, हात सोडले आणि उलटी लटकून आमच्याकडे पाहिले. वस्तादांनी शाबासकी दिली नाही. “पायाचा अंगठा बघ,” एवढेच म्हणाले.

रात्री पथकाचा शेवटचा सराव होता. वीस वर्षांपूर्वी मी शाळेच्या पथकात ताशा वाजवत असे, ही बातमी भाचीने फोडली आणि ताशेवाल्याने काड्या माझ्या हातात दिल्या. ताशा गळ्यात अडकवला, पहिला ठेका लागला, आणि हाताला सगळे आठवते आहे या आनंदात मी साधारण चाळीस सेकंद होते. तर्रीला आल्यावर डावे मनगट जड झाले, ठोके विरळ पडले, मागचे ढोल गोंधळले आणि सगळे हसत हसत थांबले.

“रस्सा चांगला होता, मावशी,” भाची म्हणाली.

दिवस चौथा : वाकडी बारव ते रविवार कारंजा

अनंत चतुर्दशीची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते, चौक मंडई, भद्रकाली, मेन रोड, अशोक स्तंभ अशी जुन्या गावातून वळणे घेत रविवार कारंजावरून पंचवटीकडे जाते. मामांची जागा रविवार कारंजावरच्या एका ओळखीच्या दुकानाचा ओटा. ते दुपारी तीनलाच जाऊन बसले, सोबत छत्री, चिवड्याची पुडी आणि वही. गुणलेखनाची वही मिरवणुकीला कशाला, असे मी विचारले. “सामना आहे ना,” ते म्हणाले.

त्यांनी पानावर रकाने आखले होते. मंडळ, पथक, ढोल, ताशे, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. ढोल मोजताना चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, धावा मोजल्यासारखीच. शेवटच्या रकान्यात शेरा. पहिल्या दोन-तीन तासांतले शेरे मी चोरून वाचले: ‘झांजा जास्त’, ‘ताल चांगला, रांगा वाकड्या’, ‘ध्वजवाली मुलगी उत्तम’. लेझीम आली तेव्हा मात्र त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. लेझीमचा तो छुम्-छुम् आवाज ढोलांच्या दणदणाटानंतर असा येतो, की रस्ता क्षणभर शांत झाल्यासारखा वाटतो. पन्नाशीतले एक गृहस्थ पोटासकट इतक्या सहज खाली बसून उठत होते, की माझ्या शेजारच्या तरुणाने स्वतःचे पोट आत घेतले.

मधे एक मंडळ भिंतीएवढे ध्वनिवर्धक लावून आले. दुकानाचे शटर थरथरत होते, ओट्यावरच्या मामींनी कानात कापूस घातला होता, आणि त्या मंडळापुढे चालणाऱ्या बिचाऱ्या पथकाची टिपरी हलताना दिसत होती पण ऐकू येत नव्हती. मुलांनी महिना-दीड महिना हात फोडून घ्यायचे आणि शेवटी कळ दाबून वाजणाऱ्या यंत्रापुढे मुके व्हायचे, हे मला अजिबात पटत नाही. मामांनी त्या रकान्यात ‘निर्धाव’ लिहिले.

भाचीचे पथक पावणेआठला चौकाच्या तोंडाशी आले. ताशेवाल्याने दोन्ही काड्या वर धरल्या, ढोल थांबले, आणि त्याने एकट्याने तर्री सुरू केली. सुरुवातीला इतकी बारीक, की कोणीतरी कागदावर वाळू ओततो आहे असे वाटावे. ती दाट होत गेली, मग तिच्यात मधेच एक ठोका मुद्दाम गाळलेला, तो ऐकणाऱ्याने मनात भरायचा. मी फोन वर धरला. कोचीच्या मुलांना पाठवायचे होते. काड्या खाली आल्या, ढोल एकदम पडले, आणि त्याच क्षणाला पाऊसही पडला. साधासुधा नाही, धारांचा. मुलांनी धावत ताशांवर प्लास्टिक टाकले, ढोल पालथे घातले, भाची माझ्याकडे बघून तळहात दाखवत होती, पट्टी सुटून लोंबत होती. माझ्या फोनवर पाणी गेले आणि पुढचे काही मुद्रित झाले नाही.

मामांनी वही छत्रीखाली घेतली, मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि पेन्सिलीचे टोक जिभेला लावून लिहिले: ‘7.52 – पावसामुळे खेळ थांबला.’ खाली एक ओळ मोकळी सोडली. मग आम्ही चिवड्याची पुडी उघडली आणि ताशांवरचे प्लास्टिक केव्हा निघते ते बघत बसलो.